सकाळची धार आणि बांबोळीची गाडी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेचं चार पानी पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून इथे देते.

"माझ्या पहिलीच्या वर्गात गवळी-धनगर समाजातली एक मुलगी आहे. धनगरवाडा शाळेपासून पाऊण तास चालत. ऑगस्टमध्ये शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, पुन्हा लावली आणि चिठ्ठी दिली: हृदयाचा आवाज वेगळा येतो, पुढची तपासणी करून घ्या. आईबाप दोनदा बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जाऊन आले. पहिल्या खेपेला पोचेपर्यंत नाव नोंदवायची वेळ टळली. दुसऱ्या खेपेला डॉक्टर भेटले, त्यांनी काही लिहून दिलं, आणि दोघं परत येऊन गप्प बसली. गेल्या आठवड्यात मी वाड्यावर गेले तेव्हा आईने पत्र्याच्या डब्यातून तो कागद काढून दिला. त्यावर इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तारीख होती, तीन आठवड्यांमागे उलटून गेलेली. बाप म्हणतो, 'बाई, आता नको. पोर खेळतंय, जेवतंय.' रांगेत शेजारच्या बाईने म्हशीचा वास येतो म्हणून पदर नाकाला लावला, हे आईने मला दोनदा सांगितलं. शाळेतले सहकारी म्हणतात, ही माणसं अशीच, देवाचा कौल घेतील पण डॉक्टरकडे जायची नाहीत, तुम्ही कशाला डोकं फोडता? मी नेमकं काय करू? मी मध्ये पडते आहे का? आणि ती खेळताना दमून थांबते, तर तिला कवायतीला बसवून ठेवू का?"

प्रिय बाई,

आधी त्या उलटलेल्या तारखेचं बोलू. तारीख चुकली म्हणून नाव कटत नाही. तोच केस पेपर घेऊन गेलं की नवी तारीख मिळते. वाड्यावर पुन्हा जाल तेव्हा हे सगळ्यात आधी सांगा. मी बालरोग वॉर्डात तीस वर्षं परिचारिका होते. तारीख चुकलेले आईबाप परत यायचे नाहीत, त्याचं कारण नव्वद टक्के वेळा भीती असायची. आपण चुकलो, आता ओरडा बसेल, सगळ्यांसमोर अपमान होईल, ही भीती. पोराच्या आजाराची भीती लांबची असते, खिडकीवरच्या माणसाची जवळची.

दुसरं, वाड्यावर पोचल्यावर मुलीचा विषय लगेच काढू नका. म्हशी किती दुभत्या आहेत, दूध सोसायटीत कोण घालतं, किती वाजता घालतं, ते विचारा. गप्पा म्हणून विचारा, पण उत्तर नीट ऐका, कारण बापाचं 'नको' तिथे आहे असं मला वाटतं. पहाटे धार काढायची, दूध सोसायटीत पोचवायचं, मग फाट्यावर उतरून वाळपईची गाडी धरायची. वाळपईहून पणजी. पणजीच्या कदंब स्टँडवर उतरून पुन्हा बांबोळीची गाडी. तीन गाड्या, आणि कडेवर सहा वर्षांचं पोर. संध्याकाळच्या धारेला परत घरी हवं, नाहीतर म्हैस अडते, आटते. दोन धारांच्या मध्ये बांबोळी बसत नाही, बाई. दोघंही गेली तर म्हशी कुणी बघायच्या? एकटी आई गेली तर तिथे बोलायचं कुणी? हा हिशेब त्यांनी दोनदा करून बघितला आणि दोन्ही वेळा तो त्यांच्यावर उलटला. तुमचे सहकारी ज्याला अडाणीपणा म्हणतात तो हा हिशेब आहे.

म्हणून पहिली मदत म्हशींची. वाड्यावरच्या शेजारणीला एका संध्याकाळच्या धारेसाठी विचारता येईल का, बापाचा भाऊ आहे का, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. तुम्ही फक्त विषय काढा. ते धारेचं जमलं की मगच तारखेचं बोला. दसऱ्याच्या दिवसांतली तारीख मात्र घेऊ नका. घटस्थापनेपासून वाड्यावर त्यांचे दिवस असतात, गजा हा त्यांचा नाच होतो, पाहुणे येतात. त्या दिवसांत कुणी इस्पितळात जाणार नाही आणि जाऊही नये. तारीख देणाऱ्याला हे सांगितलं की तो चार दिवस पुढची देतो, सांगायला फक्त तोंड लागतं.

आणि बांबोळीला थेट निघायच्या आधी वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात जा. शाळेत आलेलं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असणार. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयरोग त्यांच्या यादीत आहे. तपासणीत काही सापडलं तर पुढचा उपचार मोफत मिळवून देणं हे त्या कार्यक्रमाचं काम आहे. म्हणजे तुम्ही कुणाकडे भीक मागायला जात नाही. आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा, पथकाच्या नोंदीत मुलीचं नाव आहे का बघा आणि विनंती करा की बांबोळीला फोन करून तारीख इथूनच ठरवा. केंद्राच्या डॉक्टरांनी फोन केला, संदर्भाची चिठ्ठी नीट लिहून दिली, की तिथल्या चार तासांचा एक तास होतो. त्या दिवशी जायला वाहन मिळेल का तेही तिथेच विचारा.

आता कौलाचं. सहकाऱ्यांना सांगा की गोव्यात कौल कोण घेत नाही? घर बांधायला, लग्न ठरवायला, ऑपरेशनला जायच्या आधी, पाकळ्या लावून प्रसाद घेणारी शिकलेली माणसं मी वॉर्डात रोज बघितली. डॉक्टरांची आईसुद्धा. तुम्ही मुलीच्या आजीला उलट म्हणा, निघायच्या आदल्या दिवशी देवाला गाऱ्हाणं घाला, मी येते. गाऱ्हाणं घालून निघालेलं घर अर्ध्या वाटेवरून परत फिरत नाही. प्रसादाचं फूल फाईलमध्ये ठेवू द्या. फक्त एक गोष्ट आजीशी बोलून घ्या: कौल 'जावं की नाही' याचा नको, 'जाऊन सुखरूप येऊ दे' असं गाऱ्हाणं घालायचं. म्हातारी माणसं हे चटकन समजतात, आपण नीट बोललो तर.

घरच्यांना आजाराबद्दल काय सांगायचं? तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढंच. आवाज वेगळा येतो याचा अर्थ हृदय बिघडलेलंच आहे असा नाही. कितीतरी निरोगी मुलांच्या छातीत असा आवाज ऐकू येतो आणि त्याचं काही करावं लागत नाही. कधी हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असतं. ते लहान असेल तर पुष्कळदा आपोआप बुजतं, नुसतं वर्षावर्षाने दाखवायचं. मोठं असेल तर जास्तीचं रक्त फुप्फुसांकडे जात राहतं, तिथल्या रक्तवाहिन्या हळूहळू कडक होतात, आणि एका टप्प्यानंतर छिद्र बुजवूनही उपयोग राहत नाही. यातलं काय आहे ते बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. बापाला दिसतंय ते खरं आहे, पोर खेळतंय, जेवतंय. इको त्यासाठीच करायचा. त्यात सुई नाही, भूल नाही, दुखत नाही. छातीवर थंड चिकट मलम लावून एक छोटं यंत्र फिरवतात आणि पडद्यावर हृदय हलताना दिसतं. पोराने शांत पडून राहायला हवं एवढंच, रडलं तर नीट दिसत नाही. हे मी आयांना घरी करून बघायला सांगायची: रात्री निजताना चमच्याच्या पाठीला खोबरेल लावायचं आणि छातीवर, बरगड्यांवर, गळ्याखाली सावकाश फिरवायचं. चार रात्री असं केलं की पाचव्या दिवशी मूल इकोच्या टेबलावर हसतं. तुमच्या मुलीच्या आईला हे दाखवा, तिला आवडेल. तिच्या हातात काहीतरी करण्यासारखं येईल.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल. इस्पितळाचं नाव सांगत नाही. वीसेक वर्षं झाली असतील. बांधकामावर काम करणारी एक लमाणी बाई आठ महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. बाळाचं वजन वाढत नव्हतं, दर पंधरा दिवसांनी छाती भरायची, दूध ओढताना कपाळाला घाम यायचा. तपासणी झाली, छिद्र मोठं निघालं. डॉक्टर घाईत होते, त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं की सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हायलाच हवी, उशीर झाला तर काही करता येणार नाही, हे हिला समजावून सांगा. मी तिच्याकडे वळले. तिच्या डोळ्यांत आधीच पाणी आलं होतं. मला ते बघवलं नाही. मी मोडक्या हिंदीत म्हटलं, "घाबरू नको, सब ठीक हो जाएगा, ऑपरेशन करना पडेगा, छह महिने में आना." तिने मान हलवली, बाळाला पाठीशी बांधलं आणि गेली.

ती तीन वर्षांनी आली. पोराचे ओठ पिकल्या जांभळासारखे झाले होते, नखंसुद्धा. डॉक्टरांनी तपासलं, इको बघितला, मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. तिने मला ओळखलं. रागावली नाही. म्हणाली, "सिस्टर, तुम बोली थी ना, ठीक हो जाएगा."

तिने माझं बोलणं अगदी बरोबर ऐकलं होतं. मी जे बोलले तेच तिने घरी नेलं. मी तिला धीर दिला असं मला त्या दिवशी वाटलं होतं. खरं म्हणजे तिचं रडणं मला नको होतं.

म्हणून, बाई, तुम्ही बरोबर जाल तेव्हा डॉक्टरांचं वाक्य मऊ करू नका. तुम्हाला तो मोह होणार, कारण तुम्ही मायेच्या आहात, पत्रातून दिसतंय. डॉक्टर एक वाक्य बोलले की त्यांना थांबवा, "एक मिनिट हां डॉक्टर" म्हणा, आणि तेच वाक्य मराठीत, आईच्या बोलण्याच्या जवळ नेऊन, पूर्ण सांगा. तुम्हाला कळलं नाही तर पुन्हा विचारा; शिक्षिकेला विचारायची लाज वाटते, मला माहीत आहे, पण तिथे विचारा. सगळं झालं की आईला "समजलं ना?" असं विचारू नका. त्याला सगळ्या आया मान हलवतात. असं विचारा: "घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगणार?" ती सांगायला लागली की तिला काय समजलं आणि काय निसटलं ते तुम्हाला आणि डॉक्टरांनाही ऐकू येईल. मी हे पुढे दर वेळी केलं. दोन मिनिटं जातात.

दुभाष्याचं काम मोठ्या भावंडावर टाकू नका. वाड्यावरचा एखादा सातवीतला मुलगा कोकणी, हिंदी सगळं बोलतो, म्हणून त्याला सोबत नेतात. 'तुझ्या बहिणीच्या काळजाला भोक आहे' हे वाक्य एका मुलाने स्वतःच्या आईला सांगायचं, हे त्याच्यावर फार ओझं आहे. तो शब्द गाळतो, किंवा रात्रभर झोपत नाही.

आणि डॉक्टरांशी बोलताना आईला मागे ठेवू नका. तुम्ही नीटनेटक्या, पर्स घेतलेल्या, इंग्रजी समजणाऱ्या. डॉक्टरांची नजर आपोआप तुमच्याकडे वळेल. तुम्ही एक पाऊल मागे सरका आणि म्हणा, "ह्या आई, ह्या सांगतील." खुर्ची एकच असेल तर तिच्यावर आईला बसवा. त्यांच्याबद्दल 'ही' म्हणून बोलू नका, नाव घ्या, पुढे ताई लावा. पदर नाकाला लावलेला तिने तुम्हाला दोनदा सांगितला. तिसऱ्यांदा रांगेत उभं राहण्यापूर्वी तिला हे दिसायला हवं की कुणीतरी तिचं नाव आदराने घेतं. रांगेत पुन्हा कुणी काही बोललंच, तर भांडू नका, दोघींच्या मध्ये उभ्या राहा आणि तिच्याशी म्हशींबद्दल बोलत राहा.

आईला जे माहीत आहे ते कागदावर नसतं. दूध पिताना घाम यायचा का, लहानपणी छाती किती वेळा भरली, चढ चढताना काय होतं, हे तिलाच ठाऊक. आणि तुम्हालाही एक ठाऊक आहे, जे डॉक्टरांना कधी कळणार नाही: मैदानावर काय होतं. या आठवड्यात नीट बघा. थांबते तेव्हा उभी राहून दम खाते, की मध्येच उकिडवी बसते? ओठांचा रंग बदलतो का? किती वेळात पुन्हा पळते? चार ओळी लिहून त्या कागदपत्रांना जोडा. उकिडवं बसण्याला डॉक्टरांच्या लेखी फार अर्थ असतो. ते अनेकदा फक्त शाळेतल्या बाईंना दिसलेलं असतं.

कागदांचं थोडक्यात. एक प्लास्टिकची बटणाची फाईल घ्या, सत्तरीचा पाऊस पत्र्याच्या डब्यातही शिरतो. मी एका आईच्या पदराच्या गाठीत घडी घालून ठेवलेला केस पेपर बघितला आहे, शाई उतरून नुसता निळा डाग राहिला होता. फाईलमध्ये पथकाची चिठ्ठी, केस पेपर, जन्मदाखला, आधार, रेशन कार्ड. पुढची तारीख वरच्या बाजूला मोठ्या आकड्यात लिहा आणि तीच घरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा, आईच्या हाताने. फाईल तिच्या घरी राहील, तुमच्या कपाटात नाही. तुमची बदली झाली तर?

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड त्यांच्याकडे आहे का बघा. २०१६ पासून चालू आहे. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला ते मिळतं, तीन माणसांपर्यंत वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त माणसं असतील तर ४ लाखांपर्यंत उपचार. धनगरवाड्यांची खरी अडचण पुढे येते: पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण जमीन वनखात्याची नाहीतर भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, घर नावावर नाही, विजेचं बिल नाही. मग वास्तव्याचा पुरावा काय? मतदार यादीतलं नाव, रेशन कार्ड, मुलीचा शाळेचा दाखला, पंचायतीचं पत्र, यातून मामलेदार कार्यालयात वास्तव्याचा दाखला काढायचा प्रयत्न करा. पंच सदस्याला या एका कामापुरतं बोलवा, बाकी आजाराचं त्यांना सांगायची गरज नाही. अर्ज मराठीतच लिहा. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या वापराची तरतूद आहे. अर्ज काय लिहिलाय ते बापाला वाचता आलं पाहिजे, किंवा वाचून दाखवलेलं समजलं पाहिजे. हा दाखला आज काढून ठेवा, इको व्हायची वाट बघू नका. शस्त्रक्रियेसाठी राज्याबाहेर जायची वेळ आली तर गोवा सरकारच्या मेडिक्लेम योजनेलाही वास्तव्याचा दाखला लागतो, आणि त्या वेळी धावपळ करायला कुणाच्या अंगात बळ नसतं.

आदिवासी कल्याणच्या योजनांचं आश्वासन त्यांना चुकूनही देऊ नका. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीत घेतलं. धनगरांची मागणी अजून केंद्रात अडकून आहे. ते स्वतः या गोष्टीने फार दुखावलेले आहेत, आणि खिडकीवर जाऊन 'तुम्ही यात बसत नाही' हे ऐकायला लावणं म्हणजे त्या जखमेवर बोट ठेवणं. मला हे बरोबर वाटत नाही, पण आज जे दार उघडं आहे तिथूनच मुलीला आत न्यायला हवं.

(हे सदर वाचणाऱ्या, बायणा, म्हापसा, कळंगुटच्या बाजूला लमाणी किंवा इतर स्थलांतरित कुटुंबांबरोबर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. पाच वर्षं पुरी झाली नसतील तर गावाकडचं आयुष्मान कार्ड आहे का विचारा. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं ते कार्ड राज्याबाहेरच्या योजनेतल्या इस्पितळांतही चालतं. पुष्कळांचं कार्ड गावी सासऱ्याच्या पेटीत पडलेलं असतं.)

एका गोष्टीची मला मनापासून विनंती करायची आहे. मुलीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर 'मदत करा' म्हणून फिरवू नका, आणि कुणी फिरवत असेल तर थांबवा. अजून इकोही झालेला नाही. तो फोटो ती बारावीला जाईल तेव्हाही कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल, आणि तिच्या लग्नाच्या बोलणीत कुणीतरी तो काढेल. पैशांची खरी गरज आहे ती छोटी आहे: तीन गाड्यांचं भाडं, दुपारचं जेवण, एका संध्याकाळच्या दुधाचं नुकसान. ते शाळेतल्या चौघींनी मिळून, पाकिटात, बापाच्या हातात द्यायचं. उसने म्हणून दिले तर तो घेईल, आणि परत करायला आला तर घ्या. नाही म्हणू नका.

इस्पितळात अडलंच, तर मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात ते विचारा. मोठ्या सरकारी इस्पितळांत ते असतात आणि योजनांचे कागद कुठल्या टेबलावर जातात ते त्यांना पाठ असतं. रुग्णांच्या हक्कांची एक सनदही आहे, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये ती राज्यांना पाठवली. आपल्याला कळेल अशा भाषेत माहिती मिळणं, कागदपत्रांच्या प्रती मिळणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं, हे त्यात आहे. ती दाखवून भांडायची वेळ मला क्वचित आली. पण ती आहे हे माहीत असलं की विनंती करताना आपला आवाज कापत नाही.

पुढे औषध सुरू झालं, तर वेळेचं असं करा. 'दिवसातून दोनदा, बारा तासांनी' हे त्या घरात कुणाला सांगून उपयोग नाही, भिंतीवर घड्याळ असलं तरी. 'सकाळच्या धारेला एक, सांजेच्या धारेला एक' असं सांगा. एका धनगर आईनेच मला हे शिकवलं. मी तिला घड्याळाचे काटे काढून दाखवत होते, ती हसली आणि म्हणाली, म्हस काय घड्याळ बघून पान्हा सोडते? तिच्या मुलाचा एक डोस वर्षभरात चुकला नाही. द्रव औषध असेल तर चमच्याने नको, मापाची सुई नसलेली सिरिंज मागून घ्या आणि हव्या त्या रेघेवर नखपॉलिशची खूण करा. डॉक्टर दातांबद्दल सांगतील तेही मनावर घ्या: छिद्र असलेल्या मुलाचे किडलेले दात हृदयाला जंतू पुरवतात. दात घासणं तुम्ही वर्गात सगळ्यांनाच शिकवू शकता, तिला वेगळं न काढता.

मध्ये पडते आहे का, असं विचारलं आहे. पहिल्या खेपेला बरोबर जा. दुसऱ्या खेपेलाही जा, पण नोंदणीच्या खिडकीशी तिला पुढे करा आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. गाडी कुठे बदलायची, कुठल्या दाराने आत जायचं, कितव्या खोलीत इको, ते तिला तोंडाने सांगू द्या. लिफ्टपाशी रंगीत पट्टा आहे, चहाच्या गाड्यापासून डावीकडे, अशा तिच्या खुणा तिच्या तिला करू द्या. तिसऱ्या खेपेला तुम्ही शाळेत असा. अंगणवाडी सेविकेला किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईला आत्तापासून सांगून ठेवा, म्हणजे सगळा धागा तुमच्या एकटीच्या हातात राहणार नाही. आणि बाप 'नको' वर ठाम राहिला, तर त्या दिवशी परत या, पंधरा दिवसांनी पुन्हा जा. त्याला धमकी, तक्रारीची भाषा, 'पोराचं काही झालं तर' असलं काही नको. तुमच्यासाठी त्या घराचं दार उघडं राहिलं पाहिजे.

कवायतीचं. तिला कडेला बसवून ठेवू नका. इको होईपर्यंत तिला तिच्या अंगाने खेळू द्या: पळावंसं वाटलं तर पळेल, दमली तर थांबेल, थांबली तर कुणी 'चल ऊठ' म्हणायचं नाही. शर्यत लावायची नाही, जिंकायला ढकलायचं नाही. बसवून ठेवलेल्या मुलीला बाकीची मुलं आजारी म्हणायला लागतात, आणि ते वाड्यावर तिच्या आधी पोचतं. पण ओठ निळे पडले, खेळता खेळता शुद्ध हरपली, बसल्या जागी धाप लागली किंवा पायांवर, डोळ्यांखाली सूज दिसली, तर आईबापांची वाट बघत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा, पैसे लागत नाहीत, आणि मुख्याध्यापकांना सांगून तिच्याबरोबर गाडीत तुम्ही बसा. ती फाईल आणायला एका मुलाला वाड्यावर पळवा.

नवी तारीख मिळाली की मला कळवा. आदल्या दिवशी गाऱ्हाणं किती वाजता आहे तेही.

तुमची,
सिस्टर